नेपच्यूनचा राहिलेला चंद्र

माझे पहिले घरमालक खामगावच्या रस्त्याला लागायचे ते सरळ वाटेने कधीच नाही. सरळ वाट कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोरून जायची. ते मागच्या पांदणीने, बाभळीचे काटे चुकवत, नाला ओलांडून, अर्ध्या कोसाचा वळसा घालून पुढे त्याच रस्त्याला मिळायचे. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं तर धोतर गुडघ्यावर खोचून. मी गावात नवी होते, म्हणून विचारलं, "काका, सरळ का नाही जात?" तर म्हणाले, "सरळच जाऊन राह्यलो ना बाई. रस्ताच वाकडा हाये, त्याले मी काय करू?"

एकोणीस वर्षं ते त्या जिनिंगमध्ये फिटर होते. नोकरी सुटली तरी गावानं नाव बदललं नाही. सगळे त्यांना फिटर म्हणत, मी फिटरकाका म्हणे. गाव पिंपळगाव राजाच्या अलीकडचं, सहा-सातशे उंबऱ्यांचं. हायस्कूल नवं निघालेलं. पुण्यात मला नोकरी मिळेना आणि इकडे शाळेला बी.एस्सी. झालेलं माणूस मिळेना, असा आमचा योग जुळला. राज्य नवं, शाळा नवी, मी नवी. एकटी मुलगी म्हणून हेडमास्तरांनी खोली पाहून दिली ती फिटरकाकांच्या घरात. "तिथे तुम्हाला कसली काळजी नाही," ते म्हणाले, "फक्त त्यांना काही विचारताना विचार करून विचारा."

याचा अर्थ आठवडाभरात कळला. साखरखेर्ड्याकडून काही मंडळी गावातल्या एका मुलाची चौकशी करायला आली. लग्नाच्या चौकशीला आलेल्या माणसांना गाव काय सांगतं ते सगळ्यांना माहीत असतं. ही मंडळी नेमकी आमच्या ओट्यावर टेकली. काकांनी पाणी दिलं आणि सांगितलं, "पोरगा चांगला हाये. नऊ वाजता उठते. माय तापट हाये, पन मनात ठेवत नाही. बापानं वावर वाढोलं ते कष्टानंच वाढोलं. विहिरीले उन्हाळ्यातबी पानी हाये." मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी भांडायला आला. पण लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी म्हणे सांगितलं की एवढं खरं सांगणारा शेजार आहे म्हणजे विहिरीचंही खरंच असणार.

असा माणूस गावात आवडता नसतो, पण लागतो. कुणाच्या घरचं इंजिन बंद पडलं की काकांना बोलावणं यायचं. ते जाऊन यंत्राला कान लावायचे. आमच्या शाळेच्या घंटेलाही त्यांनी एकदा कान लावला आणि "थकली हाये, उलटी टांगा" असं सांगितलं. उलटी टांगल्यावर ती खरोखरच बरी वाजू लागली. मी विज्ञानाची शिक्षिका. असं का झालं हे मला आजही सांगता येणार नाही.

पृथ्वीभोवती माणूस फिरून आल्याची बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर आली तेव्हा पारावर गर्दी होती. कुणी म्हणालं थापा आहेत, कुणी म्हणालं कलियुग. काकांनी मला फक्त एक विचारलं, "बाई, त्या यानाले खिडकी होती का?" होती, मी म्हणाले. "मंग ठीक हाये," म्हणाले. "खिडकीच नसती तं जाऊन काय फायदा?"

दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या गोठ्यात ठोकाठोक सुरू झाली. बैलं त्यांनी आधीच विकली होती. गोठा लांबलचक होता. त्यात त्यांनी मोडक्या दमणीचा, म्हणजे हलक्या बैलगाडीचा, सांगाडा दोरांनी आढ्याला टांगला, त्याला दोन्ही बाजूंना गोल काचांच्या खिडक्या बसवल्या, आत एका माणसापुरती गादी टाकली. हे यान. जिनिंगमध्ये एक लांब दांडा फिरतो आणि त्याच्यावरून पट्टे जाऊन सगळी यंत्रं चालतात. तसाच एक दांडा त्यांनी गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकला आणि शिलाई मशीनच्या पायडलला जोडला. त्यावर सगळे ग्रह. गुरू म्हणजे वाळलेला भोपळा. शनीचं कडं काकूंच्या पुरणाच्या चाळणीचं. नेपच्यून निळ्या रंगाचा लाकडी चेंडू, लिंबाएवढा. चाकाचा एक फेरा म्हणजे एक दिवस, असं त्यांचं गणित. आणि सूर्य? सूर्य खराच. छपराचं एक कवेलू काढून खाली आरसा ठेवला होता, त्यातून उन्हाचा झोत गोठाभर जायचा. त्यामुळे यान अकरा ते दोनच चालायचं. ढग आले की काका दारात उभे राहून सांगायचे, "आज सूर्य नाही. उद्या या."

माणूस आत बसला की काकू पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून जोराने हलवायच्या. ते इंजिन. काका पायाने पायडल मारायचे, हाताने दोर ओढायचे, यान आढ्यावरून हळूहळू पुढे सरकायचं आणि बाहेरून त्यांचा आवाज यायचा, "आता मंगळ येऊन राह्यला. डाव्या अंगाले पाहा. हात बाहेर काढू नका." म्हाताऱ्या बायासुद्धा बसून गेल्या. एक आजी गुरूजवळ पोचल्यावर हात जोडून म्हणाली, "इतक्या दूर आणलं बापा, आता घरी सोड."

पण यानात बसायच्या आधी एक गोष्ट करावी लागे. दाराला एक पाटी होती. तिच्यावर खडूनं मथळा: "या यानात खोटं काय काय आहे." काका ती प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवायचे. ग्रहांचं अंतर खोटं आहे, खऱ्या अंतरासाठी गोठा खामगावपर्यंत न्यावा लागेल. ग्रहांचे आकार खोटे आहेत. आभाळात आवाज नसतो, डबा काकूंच्या हौसेचा आहे. प्लुटोला जागा नाही, भिंत आडवी आली. एवढं वाचून झालं की ते पाटीवर हात ठेवून म्हणायचे, "बाकी सारं खरं हाये. आपल्या बाईनं पुस्तकात पाहून सांगतलं हाये."

आपल्या बाईनं म्हणजे मी. कुणाला किती चंद्र हे सगळं मी पाठ्यपुस्तकातून वाचून सांगितलं होतं आणि त्यांनी ज्वारीचे दाणे तारांना चिकटवून ते बसवले होते. नेपच्यूनला एक.

जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं. यान काही बुलढाण्याला नेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून समिती गावात येऊन पाहणार असं ठरलं. शाळेच्या नावानं ते माझंच काम म्हणून नोंदवलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "निवड झाली तर तुमच्या कायम होण्याचा कागद मी स्वतः घेऊन जातो." मी तात्पुरती होते. घरी आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगाराकडे डोळे लावून होते. कायम होणं म्हणजे काय हे तात्पुरत्या माणसालाच कळतं.

तेवढ्यात शाळेत नव्या पुस्तकांचं गाठोडं आलं. त्यात खगोलाचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. मधल्या सुटीत मी सहज नेपच्यूनचं पान काढलं. चंद्र दोन. दुसरा अगदी छोटा, फार लांब, मोठमोठ्या दुर्बिणींनाही जेमतेम सापडणारा. नाव नेरीड. वाट लांबट अंड्यासारखी, दूर जातो तेव्हा जवळच्या सातपट दूर. एक फेरी सुमारे तीनशे साठ दिवसांची. आमचं पाठ्यपुस्तक जुनं होतं.

मी पुस्तक मिटलं, घरी नेलं आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं.

अकरा दिवस ते तिथे होतं. रोज दुपारी शाळेतून जेवायला घरी आले की गोठ्यातून आवाज ऐकू यायचा, "बाकी सारं खरं हाये. आपल्या बाईनं सांगतलं हाये." अर्धी भाकर ताटात ठेवून मी शाळेला पळायचे. बाराव्या दिवशी मी पुस्तक घेऊन गोठ्यात गेले आणि पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी वाचून सांगितलं.

"कवा कळलं तुमाले?"

"अकरा दिवस झाले."

"अकरा," ते म्हणाले. बस, एवढंच. मग खिशातून पाना काढून नेपच्यूनचा पट्टा सोडवायला लागले.

समिती दहा दिवसांवर होती. मी म्हणाले, "काका, चालू द्या ना. मोहरीएवढा तो. कोणाला कळतंय? समिती जाऊ द्या, मग सावकाश करू."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि पाना तिथेच ठेवून बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मला वाटलं, पटलं. काकू चुलीपुढून उठून आल्या आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेल्या.

"काऊन म्हनलं असं तुमी?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी हंगामाच्या तोंडावर काकांनी जिनिंगच्या म्यानेजरला सांगितलं होतं की मोठा पट्टा झिजला आहे, बदला. म्यानेजर म्हणाला, चालू दे, कोणाले कळते. आठव्या दिवशी पट्टा तुटला आणि रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या एका बाईचा हात गेला. म्यानेजरनं कागद तयार केला की फिटरच्या हयगयीनं झालं. सही कर, नोकरी राहील. काकांनी सही केली नाही. पाना टेबलावर ठेवला आणि फाटकाबाहेर आले ते पुन्हा त्या फाटकासमोरून गेले नाहीत.

मी ओट्यावर गेले, त्यांच्या शेजारी बसले. मला माफी मागायची होती, पण मी शहाणी, मी तोडगा काढला. "काका, आपली पाटी आहे ना? तिच्यावर लिहू. नेपच्यूनचा एक चंद्र राहिला आहे. मग खोटं कुठे झालं?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. राग दिसला नाही. मुलाला समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "बाई, जे आपल्याकून होतच नाही ते पाटीवर लिवाचं. गोठा खामगावपावतर नाही नेता येत, लिवलं. पन जे होते अन् आपुन केलं नाही, ते पाटीवर नाही लिवत. त्याले कामचोरी म्हंतात. पट्टा बदलता येत होता ना."



मग मी त्यांना लांबट वाट कशी काढायची ते दाखवलं. फळीवर दोन खिळे, त्यांच्याभोवती दोरीचा फास, त्यात पेन्सिल अडकवून दोरी ताणत फिरवायची. एका खिळ्याच्या जागी नेपच्यून. ते खूश झाले. मग त्यांनी दुसऱ्या खिळ्यावर बोट ठेवलं. "अन् येथी काय असते?"

"काही नाही."

"काही नाही कसं? खिळा तं हाये."

"आकाशात तिथे रिकामंच असतं, काका."

हे त्यांना फार लागलं. रात्री जेवतानाही त्यांनी काकूंना सांगितलं की तो चंद्र एवढा वळसा घेते अन् त्या जागी कोनीच नाही. काकू म्हणाल्या, "तुमीबी घेताच ना वळसा. भाकर खा."

या वाटेची खोबण लोखंडी पत्र्यात पाडायची तर भोकं पाडायचं यंत्र हवं होतं. ओळीनं भोकं पाडून कानशीनं घासली की एका दिवसाचं काम. हातानं, लाकडात कोरायचं तर तीन-चार महिने. आणि यंत्र पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका धुतलेली टोपी घालून दारात उभे. "चला बाई. तुमचं कायम व्हाचं हाये ना. आकार तुमी समजून सांगा, मले तेथी बोलता येनार नाही." आणि आम्ही सरळ वाटेनं निघालो. फाटकाशी त्यांचे पाय क्षणभर अडले. पहारेकऱ्यानं ओळखून राम राम केला.

म्यानेजर तोच होता, केस पिकलेला, बोलायला गोड. चहा मागवला. माझं सगळं ऐकून घेतलं, हसला. "चंद्रासाठी? वा! घ्या ना यंत्र, दिवसभर घ्या. फिटर, तुमचा तो जुना कागद तेवढा अजून फायलीत लोंबकळून राह्यला. आता त्याले कोन पाह्यते? सही करून टाका, मोकळे व्हा. मीबी रिटायर होऊन राह्यलो औंदा."

कागद त्यानं खरंच काढून समोर ठेवला. वर दौत ठेवली.

मी खरं सांगते. त्या क्षणी मला वाटलं, करावी यांनी सही. बारा वर्षं झाली. ती बाई माहेरी निघून गेली. एक सही, आणि संध्याकाळपर्यंत चंद्र तयार, पुढच्या आठवड्यात समिती, आणि मी कायम. मी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना ते कळलं असणारच.

काकांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचला. मग तो जसा होता तसा खाली ठेवला. "अजूनबी खोटाच हाये," ते म्हणाले. "चहा चांगला होता. चला बाई."

परत येताना मी त्यांच्या चार पावलं पुढे चालत होते. मी रागावले होते, आणि रागावायचा मला काही हक्क नाही हे माहीत असल्यामुळे जास्तच रागावले होते.

समिती आली त्या दिवशी गोठ्यात नेपच्यून जमिनीवर होता आणि पट्टे मोकळे लोंबत होते. बाकीचे ग्रहही चालत नव्हते, कारण दांडा एकच. तीन साहेब टोप्या काढून आत आले. हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते, मी छपराकडे. काकांनी साहेबांना पाटी वाचून दाखवली आणि हात जोडले. "एक चंद्र राह्यला हाये. चार महिन्यानं या." साहेब हसले. एकानं भोपळ्यावर टिचकी मारली. मग ते दुसऱ्या गावी पाणी गाळायचं मडकं पाहायला गेले आणि तेच निवडलं. माझा कागद हेडमास्तरांच्या टेबलात राहिला तो पुढच्या वर्षापर्यंत.

मी काकांशी बोलणं कमी केलं. जेवण काकूंच्या हातून खोलीत यायचं. रोज सकाळी गोठ्यातून पटाशीचा आवाज यायचा, टक टक, सागाच्या जाड फळीत जांभळाच्या आकाराची खोबण कोरली जात असल्याचा. त्या खोबणीत एक तार सरकणार आणि तारेच्या टोकाला चंद्र. चंद्र मोहरीचा, चुन्यात बुडवलेला. तो तीनदा हरवला. एकदा मुंगीनं नेला, दोनदा काकूंच्या केरसुणीनं. तिसऱ्यांदा काका जमिनीवर पालथे पडून शोधत होते तेव्हा काकूंनी मिसळणाचा डबाच आणून त्यांच्यापुढे आदळला. "घ्या. आख्खी वाटी चंद्र हायेत."

मी खोलीत हसले, आणि हसताना मला रडू आलं. मला आठवलं की कितीतरी दिवस दुपारी ते वाक्य ऐकू आलेलं नाही. यान बंद होतं म्हणून, हे मला समजत होतं. पण ते सुरू झाल्यावर "आपल्या बाईनं सांगतलं" असं ते म्हणतील की नाही, हे मला कळत नव्हतं. आणि ते मला कायम होण्यापेक्षाही जास्त हवं होतं. कुणी आपल्या शब्दावर एवढं मोठं आभाळ टांगलं होतं, असं आयुष्यात पुन्हा झालं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी, साडेअकराच्या सुमारास काकू सांगायला आल्या, "बलावते. तुमालेच पह्यले बसाले सांगते."

पाटीवर दोन ओळी वाढल्या होत्या. काकांनी त्या वाचून दाखवल्या, माझ्याकडे न पाहता. नवा चंद्र खऱ्या मापाहून मोठा झाला आहे, कारण मोहरीहून लहान काही तारेला चिकटत नाही. आणि त्याची चाल खोटी आहे, खरा जवळ आल्यावर धावतो, हा धावत नाही. बाकी सारं खरं आहे, म्हणाले, आणि तिथेच थांबले.

मी आत बसले. डबा खडखडला. मंगळ आला, भोपळा आला, चाळण आली. शेवटी निळा नेपच्यून खिडकीसमोर येऊन उभा राहिला. एका बाजूला त्याची ज्वारी उन्हात चमकत होती. यान थांबलं, डबाही थांबला.

"दिसला?" बाहेरून काकांनी विचारलं.

मी खिडकीला नाक लावलं. झोताच्या पलीकडे काळोख होता. चार महिने त्या माणसानं पटाशी चालवली होती. एक "हो" म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, आणि तो शब्द माझ्या ओठांवर आलाही होता.

"नाही काका," मी म्हणाले. "नाही दिसत."

मग काका चालत आले. खिडकीच्या काचेबाहेर त्यांचा चेहरा आला. एवढ्या जवळून मी तो चार महिन्यांत पाहिला नव्हता.

"नाहीच दिसनार, पोरी," ते म्हणाले. बाई नव्हे, पोरी. "आता तो दूर हाये, अंधारात. वरीसभर बस. येते."

ते परत गेले आणि दोर न ओढता नुसतं पायडल मारू लागले. एक फेरा, एक दिवस. काकूंनी डबा हलवला नाही. मी मनात मोजत होते, साठ, सत्तर, ऐंशी. मोजणी दोनदा चुकली. त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता. दोनशेच्या पुढे कुठेतरी काळोखातून झोताच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. चुन्याचा, टाचणीच्या डोक्याएवढा. तो हळूच निळ्या चेंडूजवळ सरकू लागला.

"आला," मी ओरडले.

पायडल चालूच होतं. "कोन्या अंगानं?"

"उजव्या."

"बराबर," काका म्हणाले, आणि मग पाय थांबवले.